रीबाय घ्यायचा की उठायचं? चिप्सच्या भावाचं गणित

पोकरच्या रीबाय टूर्नामेंटबद्दल एक गैरसमज मी इतक्या वेळा ऐकलाय की आता त्यावर नीट लिहावंसंच वाटलं. लोक म्हणतात पहिला तास काहीही खेळा, उडालो तर परत घेऊ. पण "परत घेऊ" म्हणजे तीच एंट्री परत मिळत नाही, ती एक नवीन खरेदी असते आणि प्रत्येक खरेदीला भाव असतो.

आधी नियम. साध्या टूर्नामेंटमध्ये एंट्री भरून मिळालेल्या चिप्स (खेळायची टोकन) संपल्या की तुम्ही बाहेर. रीबायमध्ये सुरुवातीचे काही लेव्हल, म्हणजे खेळाचे टप्पे, चिप्स संपल्या तर (काही ठिकाणी सुरुवातीच्या स्टॅकएवढ्या, म्हणजे चिप्सच्या ढिगाएवढ्या, किंवा कमी असल्या तरी) तेवढेच पैसे भरून तेवढ्याच चिप्स मिळतात आणि सीटही तीच राहते. मग ब्रेकला सगळ्यांना एकदा ॲड-ऑन घेता येतो, त्यात बहुतेक वेळा त्याच पैशात जास्त चिप्स असतात.

आता भाव काढू. समजा 100 जण बसलेत, एका एंट्रीला 1,000 चिप्स. तासाभरात सगळ्यांचे मिळून 150 रीबाय झाले. आयोजकाची फी बाजूला ठेवली तर बक्षिसांच्या पूलमध्ये 250 एंट्रीचे पैसे आणि टेबलांवर अडीच लाख चिप्स, म्हणजे 1,000 चिप्सचा भाव बरोबर 1 एंट्री. मग ब्रेकमध्ये 80 जणांनी ॲड-ऑन घेतला, एका एंट्रीच्या पैशात 2,000 चिप्स. पूल झाला 330 एंट्रीचा, चिप्स झाल्या 4 लाख 10 हजार, आणि 1,000 चिप्सचा भाव उतरून 0.80 वर आला.

मला हा भाग फार आवडतो, कारण यात न दिसणारी गोष्ट दिसते. ज्याने ॲड-ऑन घेतला त्याने 1 देऊन साधारण 1.60 चा माल घेतला, आणि ज्याने "माझ्याकडे आहेत की चिप्स" म्हणून सोडला त्याच्या चिप्स काहीही न करता पाचव्या हिश्श्याने स्वस्त झाल्या. म्हणून ॲड-ऑन जवळजवळ नेहमी घ्यावा, आधीच खूप मोठा स्टॅक असेल तर फायदा कमी होतो एवढंच. ब्रेकच्या अगदी आधी उडालात तर रीबाय आणि ॲड-ऑन एकत्र धरा, 2 मध्ये 3,000 चिप्स, सरासरी भावाने 2.40 च्या. तुम्ही टेबलावर सरासरी तरी खेळता हे अर्थात गृहीत धरलंय.

सुरुवातीलाच डबल रीबाय (चिप्स संपल्यावर एकदम दोन) घेणं मात्र टेबल बघून ठरवा. तुमच्याकडे 2,000 आणि समोरच्याकडे 1,000 असतील तर त्या हातात तुम्ही 1,000 च जिंकू शकता, उरलेल्या नुसत्या बसून राहतात. टेबलावर मोठे स्टॅक असतील आणि ते तुमच्यापेक्षा कच्चं खेळत असतील, तर मात्र जास्त चिप्स कामाला येतात.

आणि ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिप्स एकदम लावणं? तुमच्या आधी दोघं 1,000-1,000 घेऊन आत गेले तर तुम्हाला 1,000 टाकून 2,000 मिळवायचेत, म्हणजे 33 टक्क्यांपेक्षा जास्त चान्स असला की कॉल (तेवढंच लावून हातात राहणं) चिप्सच्या हिशोबाने बरोबर. रीबाय चालू असताना हा हिशोब जवळपास पैशाचाही असतो, म्हणून थोडं सैल, म्हणजे जास्त हातांत उतरून, खेळणं योग्यच आहे, पण 25 टक्क्यांचा कॉल रीबाय असला तरी तोट्याचाच.

खरी अडचण डोक्यात असते. आर्क्स आणि ब्लूमर या संशोधकांनी 1985 मध्ये दाखवलं की नाटकाच्या सीझन तिकिटाला ज्यांनी पूर्ण पैसे मोजले ते सवलतीत घेणाऱ्यांपेक्षा सीझनच्या पहिल्या भागात जास्त प्रयोगांना गेले, पैसे तर दोघांचेही गेलेलेच होते. 1990 मध्ये थेलर आणि जॉन्सन यांनी आणखी एक गोष्ट मांडली, हरल्यावर जी पैज आपल्याला परत शून्यावर आणू शकते ती एरवीपेक्षा जास्त ओढून घेते. चौथा रीबाय बहुतेक वेळा असाच घेतला जातो, टेबल चांगलं आहे म्हणून नाही तर आधीचे तीन भरून काढायचे म्हणून. 2006 च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या मोठ्या स्पर्धेत 1,000 डॉलरच्या एका इव्हेंटला व्यावसायिक खेळाडू डॅनियल नेग्रानूने 40 च्या वर रीबाय घेतले होते, एवढं करायला खिसा आणि डोकं दोन्ही वेगळं लागतं. मोठ्या खिशाच्या खेळाडूंना फायदा मिळतो या तक्रारींमुळे 2009 पासून तिथे रीबाय इव्हेंट बंदही झाले. माझं स्पष्ट मत आहे, बसायच्या आधी आकडा ठरवा, ॲड-ऑन धरून, आणि हात हरल्यावर तो बदलू नका.

ब्रेकनंतर मात्र गिअर बदलायला लागतो आणि बरेच जण इथेच चुकतात, तासभर सैल खेळायची सवय लागलेली असते. आता उडालं की संपलं, आणि बक्षिसं जवळ येतील तसतशी नवी चिप जुन्या चिपपेक्षा कमी मोलाची होत जाते. तिघं उरलेत, स्टॅक सारखे, बक्षिसं पूलच्या 50, 30 आणि 20 टक्के असं धरा. प्रत्येकाचा सरासरीने अपेक्षित वाटा 33.3 टक्के. एकाला उडवून तुमच्या चिप्स दुप्पट झाल्या तरी वाटा 43.3 वरच जातो, आणि हरलात तर हातात 20 राहतात. म्हणजे 10 मिळवायला 13.3 पणाला लावताय, त्यासाठी साधारण 57 टक्के चान्स पाहिजे. पहिल्या तासात आनंदाने घेतलेला फिफ्टी-फिफ्टी कॉल इथे फोल्ड, म्हणजे पत्ते टाकून द्यायचा, आहे.