कामगार नेमका कुणाचा? गोदामातल्या अपघात-भरपाईची पार्श्वभूमी

सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी सभा घेऊन फॅक्टरी कमिशनसाठी एक निवेदन तयार केलं. पाच हजारांवर कामगारांच्या त्यावर सह्या होत्या. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. त्याच यादीतल्या दुसऱ्या एका मागणीकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. कामावर जबर जखम झाली तर बरं होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची सोय व्हावी, अशी ती मागणी होती. निवेदनामागे होते नारायण मेघाजी लोखंडे. जन्म ठाण्याचा, नोकरी गिरणीत स्टोअरकीपरची. मालाच्या चढ-उतारीत माणसाचं काय होतं, ते रोज डोळ्यांसमोर असलेल्या माणसानं ही मागणी लिहिली, हे लक्षात ठेवावंसं वाटतं.

रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. भरपाईला मात्र आणखी तेहेतीस वर्षं लागली. तोवर काय होतं? १८५५ चा प्राणघातक अपघातांचा कायदा होता, पण त्यासाठी मालकाची चूक कोर्टात सिद्ध करावी लागे. शिवाय इंग्लंडात १८३७ पासून रुजलेलं एक तत्त्व होतं: सोबतच्या कामगाराच्या निष्काळजीपणानं इजा झाली तर मालक जबाबदार नाही. गोदामात याचा अर्थ सरळ आहे. वरच्यानं पोतं नीट रचलं नाही, थप्पी खालच्याच्या अंगावर आली, तर दोष वरच्या हमालाचा, शेठ मोकळा. हा बचाव भारतात कायद्यानं काढून टाकायला १९३८ साल उजाडलं.

१९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला आणि त्यानं चूक कुणाची हा प्रश्नच बाजूला ठेवला. अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला, एवढं पुरे. सुरुवातीच्या अटी कडक होत्या. दहा दिवसांपेक्षा कमी काळ घरी बसावं लागलं तर काहीच मिळत नसे. पुढे ही मुदत तीन दिवसांवर आली. कुणाला कामगार म्हणायचं याची यादी दुसऱ्या परिशिष्टात होती. ती वाढत गेली आणि गोदामात माल हाताळणारे, वाहून नेणारेही तिच्यात आले.

भरपाईचा हिशेब एकदा बघून ठेवावा, कारण मुकादम जो आकडा तोंडी सांगतो तो बहुतेक वेळा याच्या जवळपासही नसतो. समजा, कामगाराचं वय ३० आणि हिशेबात धरायचा पगार १५,००० रुपये. १९२३ च्या जुन्या कायद्याखाली जानेवारी २०२० पासून हीच कमाल मर्यादा होती. पगाराच्या ६० टक्के म्हणजे ९,०००. कायद्यात वयानुसार ठरलेला तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८. गुणाकार १८,७१,८२०. ही पूर्ण, कायमच्या अपंगत्वाची रक्कम. अंगठा गेला तर कायद्यातल्या इजांच्या तक्त्यात ३० टक्के, म्हणजे ५,६१,५४६ रुपये. अख्खी तर्जनी गेली तर १४ टक्के, म्हणजे साधारण २ लाख ६२ हजार.

पण गोदामातल्या माणसाचं बोट जाण्याआधी बहुधा कंबर जाते, आणि मणका तक्त्यात नाही. तिथे कमाईची क्षमता किती घटली हे डॉक्टरनं ठरवायचं असतं. यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा १९७५ चा निकाल मोलाचा आहे. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. तक्त्याप्रमाणे ते शंभर टक्के अपंगत्व नव्हतं. न्यायालयानं ते पूर्ण अपंगत्वच मानलं, कारण एका हातानं सुतारकी होत नाही. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेही त्याच निकालात ठरलं.

एवढं सगळं कागदावर असूनही मुंबईच्या मस्जिद बंदर, दाणाबंदर भागातल्या हमालाच्या हाती काही लागत नव्हतं. तो सकाळी एका व्यापाऱ्याचा ट्रक खाली करी, दुपारी दुसऱ्याचा. पैसे टोळीचा मुकादम वाटे. पाय मोडला तर कोणता शेठ मालक? प्रत्येक जण शेजारच्या गाळ्याकडे बोट दाखवी. माझ्या मते या साऱ्या इतिहासाची कळ इथेच आहे. भरपाई किती, यावर भांडण फार कमी वेळा होतं. माणूस कुणाचा, यावर ते वर्षानुवर्षं चालतं.

याचं उत्तर महाराष्ट्रानं शोधलं. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत माथाडींची संघटना बांधली, पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत उभी होती, आणि १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. व्यापाऱ्यानं या कायद्याखालच्या माथाडी मंडळाकडे नोंदणी करायची, मजुरी आणि त्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्के जादा रक्कम, मंडळात भरायची, मंडळानं टोळीला पगार द्यायचा. भरपाईबद्दल या कायद्यात स्पष्ट तरतूद आहे: जिथे मजुरी मंडळ देतं, तिथे भरपाईच्या कायद्यापुरता मालक म्हणजे मंडळ. नोंदीतल्या हमालासाठी शेठ शोधत फिरण्याची गरजच संपली. असं साधं, थेट उत्तर कामगार कायद्यांत क्वचित सापडतं.

राज्य कामगार विमा योजना १९५४ मध्ये नागपूर आणि मुंबईत आली. विमा असलेल्याला उपचार मिळतात, कामावरच्या जखमेनं घरी बसल्यास पगाराच्या सुमारे ९० टक्के मिळतात. त्याला मग भरपाईचा वेगळा दावा करता येत नाही.

मग भिवंडी वाढली. मुंबईचा जकात नाका चुकवून माल उतरवायला माणकोली, राहनाळ, दापोडे, काल्हेर, पूर्णा या गावांत गाळे उभे राहिले, आणि जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर ऑनलाइन खरेदीची अवाढव्य गोदामं. पोत्याच्या जागी पॅलेट, हातगाडीच्या जागी स्टॅकर आणि फोर्कलिफ्ट. काम देणारा कंत्राटदार, त्याच्या खाली उपकंत्राटदार, जागा तिसऱ्याची, माल चौथ्याचा. परराज्यातून आलेल्या पोराकडे ना नेमणूकपत्र ना पगाराची पावती. दाणाबंदरचा प्रश्न नव्या पत्र्याखाली जसाच्या तसा परत आला.

खरं तर १९२३ च्या कायद्यातच यावर उतारा होता. आपल्या नेहमीच्या धंद्याचं काम कंत्राटावर दिलं, तरी जखमी कामगाराला भरपाई मूळ मालकानं द्यायची. ती कंत्राटदाराकडून वसूल करणं ही त्याची डोकेदुखी. भरपाई सोडून देत असल्याचं लिहून घेतलेला कागदही कायद्यापुढे निरर्थक ठरतो. तरी अपघातानंतर इस्पितळातच अंगठे घेतले जातात, कारण समोरच्याला हे माहीत नसतं. अशा वेळी गेटवरची हजेरी नोंद, खात्यात आलेली मजुरी, इस्पितळाच्या केसपेपरवर ‘कामावर अपघात’ हे लिहिलेले शब्द आणि सोबत काम करणाऱ्यांचे जबाब यांवरच दावा उभा राहतो.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं धाराशिवकडच्या एका साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या कुटुंबाच्या बाजूनं निकाल दिला. तो २००३ मध्ये पहाटेच्या पाळीला जाताना रस्त्यात अपघातात गेला होता. कामाशी संबंध जुळत असेल तर घरून कामावर जातानाचा अपघातही भरपाईच्या कक्षेत येतो, असं न्यायालयानं म्हटलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनं १९२३ चा भरपाई कायदा आणि १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा स्वतःत सामावून घेतले, आणि ही ये-जा तिच्यातही धरलेली आहे. रात्रपाळी संपवून नाशिक महामार्गावरून दुचाकीनं घरी परतणाऱ्या गोदाम कामगाराला आता हा आधार मागता येईल.