रागापेक्षा अबोला जड

झोपलेल्या नवऱ्याला हात लावून उठवायचं नाही, दारात उभं राहून लांबूनच हाक मारायची. व्हिएतनाम युद्धाहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांच्या अनेक बायका हे अनुभवानं शिकल्या. दचकून जागा झालेला माणूस आधी हात उगारतो, समोर कोण आहे ते त्याला नंतर कळतं.

या त्रासाला पीटीएसडी, म्हणजे आघातोत्तर ताणविकार, हे अधिकृत नाव 1980 साली मिळालं. दुःस्वप्नं, दचकणं, भडकणं ही त्याची लक्षणं सगळ्यांना दिसतात. पण संसार पोखरतं ते वेगळंच. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, पीटीएसडी असलेले व्हिएतनाम सैनिक आणि त्यांच्या जोडीदारांपैकी 70 टक्क्यांहून जास्त जणांनी नात्यात गंभीर ताण असल्याचं सांगितलं. हा विकार नसलेल्या जोडप्यांत हेच प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं. आणि या ताणाशी सर्वांत जवळचा संबंध निघाला भावनिक बधिरपणाचा.

आघाडीवर हा बधिरपणा कामाचा असतो. शेजारचा मित्र पडला तरी पुढं सरकावंच लागतं. अडचण अशी की, भीती आणि दुःख तेवढं बंद करून माया चालू ठेवता येत नाही. सगळंच मंदावतं. बायकोला मात्र वाटतं, याचं माझ्यावर प्रेमच उरलं नाही.

मग ती सांभाळून घेऊ लागते. बाजार, लग्नकार्यं, 4 जुलैचे, म्हणजे अमेरिकी स्वातंत्र्यदिनाचे, फटाके, सगळं टळतं. घरात शांतता राहते, पण गर्दीत गेलंच नाही तर तिथं काही होत नाही हे मेंदूला कळणार कसं? टाळल्यामुळे भीती जशीच्या तशी राहते. यात बायकोला दोष देणं मला पटत नाही. तिच्या जागी कोणीही हेच केलं असतं.

म्हणून मानसशास्त्रज्ञ कँडिस मॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोघांवर एकत्र उपचार करून पाहिले. (घरात गंभीर मारहाण असेल, तर आधी सुरक्षितता.) 2012 साली निष्कर्ष आले: निरनिराळ्या आघातांतून गेलेली 40 जोडपी, 15 सत्रांचा उपचार. लगेच उपचार मिळालेल्यांची लक्षणं प्रतीक्षा यादीतल्यांपेक्षा बरीच जास्त घटली, नात्यातलं त्यांचं समाधानही वाढलं. अशा उपचारात टाळलेल्या जागी दोघांनी मिळून जायचं असतं. पाठ भिंतीला लावूनच बसणाऱ्यानं, उदाहरणार्थ, हॉटेलात दाराकडे पाठ करून बसायचं, आणि समोर बायको.