थर्मामीटरला न लागणारी ऊब

परवा सफरचंदाच्या फोडी दोन पातेल्यांत शिजवल्या. पाणी सारखं, साखर सारखी. एकात दालचिनीचा तुकडा, चार लवंगा आणि आल्याचा कीस. दुसऱ्यात काहीच नाही. दोन्ही वाट्या 40 अंश सेल्सिअसवर आल्यावर घरच्या तिघांपुढे ठेवल्या आणि विचारलं, जास्त गरम कोणती? तिघांनीही मसाल्याच्या वाटीकडे बोट दाखवलं. थर्मामीटर पुढे केला, तर तोच बिघडलाय असं ठरलं.

तिघांच्या मतावर विज्ञान उभं राहत नाही, हे मान्य. पण जिभेची ही फसगत कशी होते, ते रेणूंच्या पातळीवर बरंचसं उलगडलं आहे, आणि मला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आपण ज्याला चव म्हणतो त्यात जिभेच्या रुचिकलिका आणि नाक यांच्याखेरीज तिसराही भागीदार असतो. चेहऱ्यातून तोंडात उतरणारी ट्रायजेमिनल नावाची चेता, म्हणजे मज्जातंतू. स्पर्श, वेदना आणि तापमान या तिच्या बातम्या. तिच्या टोकांवर, पेशीच्या पडद्यात, प्रथिनांची बारीक दारं बसवलेली असतात. त्यांच्या कुळाला टीआरपी म्हणतात (टीव्हीवरच्या टीआरपीशी काही संबंध नाही, जाहिराती इथेही खोट्याच असल्या तरी). त्यातलं टीआरपीव्ही1 हे दार 1997 साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने मिरचीतल्या कॅप्सेसिनचा माग काढत शोधलं. 2021 च्या नोबेल पारितोषिकात या कामाचा मोठा वाटा होता.

हे दार चार सारख्या तुकड्यांचं, मधोमध बंद भोक असलेलं. तापमान 43 अंशांच्या आसपास गेलं की ते उघडतं, कॅल्शियम आणि सोडियमचे आयन आत घुसतात, चेता पेटते आणि मेंदूला निरोप जातो: गरम! आल्यातला जिंजेरॉल कॅप्सेसिनचा दूरचा नातेवाईक. तो पडद्याच्या तेलकट थरातून शिरून दाराला आतून कोपरखळी मारतो. मग दार 43 अंशांची वाट पाहत नाही, त्याआधीच किलकिलं होतं. निरोप मात्र तोच. दार उष्णतेने उघडलं की आल्याने, हे मेंदूला कळायला मार्गच नाही.

आता यात फळ कुठे आलं? आंबटपणात. सफरचंदाच्या रसाचा पीएच साधारण 3.3 ते 4, म्हणजे त्यात हायड्रोजन आयन भरपूर. हे आयन त्याच दाराच्या बाहेरच्या अंगाला चिकटतात आणि त्याला आणखी हळवं करतात. म्हणजे बाहेरून आम्ल, आतून जिंजेरॉल आणि वर कोमट रस, असे तिघे एकाच दारावर धडकतात. लाळ आम्लाचा जोर बराच मोडते, तरी आंबटसर फळात आलं जास्त का बोलतं याचा धागा इथे आहे.

दालचिनीची तऱ्हा निराळी. तिचा सिनॅमाल्डिहाइड टीआरपीए1 या दुसऱ्या दारावर जातो आणि खाचेत बसण्याऐवजी तिथल्या सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लांच्या गंधकाशी थेट रासायनिक बंध करतो. गंमत म्हणजे 2003 साली हे दार झोंबऱ्या थंडीचा संवेदक म्हणून पुढे आलं होतं. ते खरंच थंडीचं आहे का, यावर वाद आहे. लवंगेतला युजेनॉल टीआरपीव्ही3 उघडतो, जे तेहतीस-चौतीस अंशांपासूनच्या सुखद उबेचं दार मानलं जातं. पण जास्त झाला की तोच युजेनॉल चेतेचे सोडियमचे मार्ग अडवून जीभ बधिर करतो. दातांचे डॉक्टर त्याचा उपयोग करतात. आपण लवंगा मोजून टाकाव्यात.

पातेल्यात आलं बदलतंही. शिजताना जिंजेरॉल तुटून जिंजेरोन तयार होतो, सौम्य आणि गोडसर. वाळताना त्याच जिंजेरॉलमधून पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि शोगाओल उरतो (शोगा म्हणजे जपानी भाषेत आलं), जो जास्त तिखट. म्हणून सुंठ झणका देते आणि उकळलेलं आलं समजूतदार होतं. दोन्ही हवं असेल तर अर्धं आलं सुरुवातीला, अर्धं आच बंद केल्यावर.

झाकण मात्र ठेवा. सिनॅमाल्डिहाइड सुमारे 248 अंशांना उकळतो, तरी पाण्याच्या वाफेबरोबर तो शंभरच्या आतच निसटतो, कारण न मिसळणाऱ्या द्रवांच्या वाफांचे दाब एकमेकांत मिळवले जातात. अत्तराचं ऊर्ध्वपातन याच तत्त्वावर चालतं. घरभर दरवळ सुटला की आपण खूश होतो, पण तो पातेल्यातून वजा झालेला असतो. फोडींचा लगदा होऊ द्यायचा नसेल तर थोडा लिंबाचा रस: पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन आम्लात सावकाश तुटतं.

राहिला 'उष्ण मसाल्याने चरबी वितळते' हा व्हिडिओवाल्यांचा लाडका दावा. चिमूटभर दालचिनीने वितळणारी चरबी मोजायला फार संवेदनशील वजनकाटा लागेल. उलट रोज चमचाभर कॅशिया जातीची दालचिनी खाणाऱ्यांनी तिच्यातल्या कुमारिनचा विचार करावा. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने त्याची रोजची मर्यादा शरीराच्या दर किलोमागे 0.1 मिलिग्रॅम ठरवली आहे, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 6 मिलिग्रॅम. एवढं कुमारिन एका चमच्यातही निघू शकतं आणि संवेदनशील माणसाच्या यकृताला ते त्रासदायक ठरतं.

उरलेल्या फोडी मी रात्री फ्रिजमध्ये ठेवल्या. सकाळी थंडगार खाल्ल्या, तर आल्याचा झणका ओसरलेला. आलं तेवढंच होतं, दाराला उष्णतेचा हातभार नव्हता. वाटी पुन्हा 40 अंशांवर आणली आणि आलं हजर. थर्मामीटर बिघडलाय म्हणणारे या वेळी दुसरा थर्मामीटर घेऊन बसले होते.