मनुकांचा रस आणि ‘बिघडलेला काळ’: नागपूरच्या ख्रिस्ती मंडळींची पार्श्वभूमी

महिन्याचा पहिला रविवार आला की आदल्या संध्याकाळी आमच्या घरी मनुका भिजत पडायच्या. इतवारीतून आणलेल्या काळ्या मनुका रात्रभर पाण्यात फुगायच्या. पहाटे आजी त्या मंद आचेवर उकळायची, धुतलेल्या पंचाच्या फडक्यातून पिळून गाळायची आणि तो गडद रस स्टीलच्या बरणीतून चर्चमध्ये जायचा. प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत चर्चमध्ये वाटायचा, द्राक्षारस तो हाच. मला लहानपणी वाटायचं, द्राक्षाची दारू महाग म्हणून मनुका. एकदा विचारलं तर आजी म्हणाली, “मंडळीत कोणी ना कोणी पिणं सोडलेला असतोच. त्याच्या ओठाला पुन्हा चव लागायला नको.”

या बरणीचं मूळ बरंच लांबचं आहे. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या टॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट पंथाच्या दंतवैद्याने १८६९ मध्ये द्राक्षाचा रस तापवून, आंबू न देता बाटलीत भरला, तो प्रभुभोजनासाठीच. दारूने घरं बुडतात आणि आपण वेदीवरही तीच ठेवतो, हे त्याला खटकत होतं. समाजाची घसरण झाली अशी ओरड १९ व्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत जोरात होती. त्या ओरडीतून निघालेला एक छोटासा, घरगुती उपाय वळणं घेत आमच्या स्वयंपाकघरात पोचला होता.

ओरड मात्र आजही ताजी आहे. नागपूरच्या सदर भागातल्या एका चर्चच्या आवारात उपासना संपली की चहाच्या कपाबरोबर ती ऐकू येते. “आताचे पोट्टे पार बिघडून राह्यले, भाऊ. बायबल मोबाईलवर वाचतो म्हणते अन् रील पाह्यते.” मग दारू, लग्नाआधीचं एकत्र राहणं, परीक्षेतली कॉपी, सगळं एका दमात. बोलणारे काका वडीलमंडळात, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांत, बसतात, मनाने चांगले आहेत, आणि त्यांच्या तरुणपणी त्यांच्याबद्दलही हेच बोललं गेलं असणार. चर्चने या ओरडीला वेळोवेळी काय उत्तर दिलं याचा माग काढू लागलो तर वाट नागपुरातूनच जाते, फक्त तिचं एक टोक स्कॉटलंडमध्ये आहे.

आधी इंग्लंडचं पाहू. लंडनमध्ये १६९१ पासून ‘रीतिसुधारणा’ मंडळ्या निघाल्या. शिवीगाळ, रविवारी दुकान उघडणं, वेश्यावस्ती यांची खबर न्यायाधीशाला द्यायची आणि दंड करवायचा, हे त्यांचं काम. विल्यम विल्बरफोर्स या खासदाराने १७८७ मध्ये आपल्या रोजनिशीत आयुष्याची दोन कामं लिहून ठेवली: गुलामांचा व्यापार बंद पाडणं आणि समाजाचं वर्तन सुधारणं. पहिल्या कामाने तो अमर झाला. दुसऱ्या कामातून जी मंडळं उभी राहिली त्यांच्यावर सिडनी स्मिथ या पाद्र्यानेच नेमका टोला हाणला, की ही तर वर्षाला पाचशे पौंडांहून कमी कमाई असणाऱ्यांचे दुर्गुण दडपणारी संस्था आहे. श्रीमंताच्या दिवाणखान्यातला जुगार कोणी पकडत नव्हतं, हा त्यातला रोख.

स्कॉटलंडमध्ये टॉमस चामर्स या पाळकाने वेगळा रस्ता धरला. ग्लासगोच्या कापडगिरण्यांभोवती गर्दी, दारू आणि भूक एकत्र वाढत होती. १८१९ मध्ये त्याला सेंट जॉन्स हा दहा हजारांच्या आसपास वस्तीचा पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग, मिळाला. त्याचे त्याने पंचवीस तुकडे केले, प्रत्येकावर एक डीकन, म्हणजे चर्चचा सेवक, नेमला आणि घरोघरी जायला लावलं. कोणाचं काम सुटलं, कोणाचं पोर शाळेत जात नाही, कोणाचा भाऊ मदत करू शकतो, हे डीकनला तोंडपाठ असायला हवं. शाळा काढल्या. त्याची खोड अशी की सरकारी मदतीने गरीब आळशी होतो असं तो मानायचा, आणि त्यावर टीका झाली ती रास्तच होती. पण खबर देण्याऐवजी दारावर जायचं, ही दिशा त्याने पक्की केली. १८४३ मध्ये स्कॉटिश चर्च फुटलं, ४७४ पाळक पगार आणि घरं सोडून बाहेर पडले, तेव्हा त्यांच्या पुढे चामर्सच होता. याच फुटून निघालेल्या फ्री चर्चने दोन वर्षांच्या आत एक तरुण पाळक नागपूरला धाडला. त्याचं नाव स्टीफन हिस्लॉप.

हिस्लॉप १८४५ च्या सुरुवातीला आला तेव्हा नागपूर तिसऱ्या रघूजी भोसल्यांचं होतं, आणि कामठीत १८२१ पासून इंग्रजांची लष्करी छावणी होती. मिशनसाठीचा पैसा छावणीतल्याच एका अधिकाऱ्याने दिला होता. हिस्लॉपने १८४६ मध्ये शाळा काढली. तीच पुढे वाढत १८८३ मध्ये हिस्लॉप कॉलेज झाली. नागपूर विद्यापीठ १९२३ चं, म्हणजे कॉलेज विद्यापीठाहून चाळीस वर्षांनी मोठं. गावात हिस्लॉप म्हटलं की आजही कॉलेजच आठवतं, माणूस क्वचित. त्याला दगडांचा नाद होता. नागपूरच्या आसपासचे जीवाश्म त्याने गोळा केले, आणि एका हिरव्या कॅल्साइटला त्याच्यावरून हिस्लोपाइट म्हणतात.

या माणसाचा नीतीविषयीचा राग कोणावर निघाला ते पाहण्यासारखं आहे. १८५४ मध्ये संस्थान खालसा झालं. त्यानंतरच्या इंग्रज कारभारात जी लाचखोरी आणि हेळसांड चालली होती तिच्यावर त्याने वर्तमानपत्रातून लिहिलं. लोक किती पितात यापेक्षा कचेरीत काय चालतं हे त्याला जास्त लागलं. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि कारभाराची घडी बदलली, त्यामागे या लिखाणाचाही हात होता. ४ सप्टेंबर १८६३ ला नागपूरजवळच्या टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळं पाहून परत येताना पुराने भरलेल्या नाल्यात तो बुडाला. वय ४५. आदिवासींवरचे त्याचे टिपणकागद मध्य प्रांताचा मुख्य अधिकारी रिचर्ड टेंपल याने १८६६ मध्ये छापले.

छावणी होती तिथे दुसराही प्रश्न होता. इंग्रज फौजेच्या छावण्यांत गोऱ्या शिपायांसाठी नोंदवलेल्या वेश्यांच्या वस्त्या असत, लाल बाजार म्हणत त्यांना. रोगाची तपासणी व्हायची ती बायकांची, शिपायांची नाही. सरकारचं म्हणणं होतं की ही आरोग्याची बाब आहे. इंग्लंडमध्ये जोसेफिन बटलर या पाद्र्याच्या बायकोने याच तत्त्वावरच्या तिथल्या कायद्यांविरुद्ध उभं आयुष्य खर्च केलं. तिचा मुद्दा साधा होता: पाप दोघांचं आणि शिक्षा एकीलाच, ही नीती नव्हे. इंग्लंडातले कायदे १८८६ मध्ये गेले, हिंदुस्थानातला १८८८ मध्ये. तरी छावण्यांत जुनंच चालू आहे हे एलिझाबेथ अँड्र्यू आणि कॅथरिन बुशनेल या दोन अमेरिकन ख्रिस्ती बायकांनी १८९१-९२ मध्ये इथल्या छावण्या फिरून, त्या स्त्रियांशी बोलून दाखवून दिलं. १८९३ मध्ये लॉर्ड रॉबर्ट्ससारख्या माजी सरसेनापतीला माफी मागावी लागली. घसरलेल्या नीतीबद्दल जे व्याख्यान व्यासपीठावरून होतं त्यात ही गोष्ट मी कधी ऐकलेली नाही. ऐकायला हवी होती.

नागपुरात स्कॉटिश मिशनच्या बायकांनी याच सुमारास बायकांसाठी दवाखाना उभा केला, म्यूर मेमोरियल, १८९६ चा. कॅथलिकांनी त्याआधीच शाळा चालवल्या होत्या. सदरची सेंट फ्रान्सिस द सेल्स शाळा १८७० ची, आणि १८८७ मध्ये नागपूर हा वेगळा धर्मप्रांत झाला. १८९१ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी मजुरांच्या हालावर परिपत्रक काढलं. त्यानंतर ‘नीती’ या शब्दात पगार आणि कामाचे तास येऊ लागले, निदान कागदावर तरी.

दारूचं प्रकरण मात्र सगळ्यांत लांबलं. अबकारी हे सरकारचं भरभक्कम उत्पन्न होतं, त्यामुळे दारूविरुद्ध बोलणं म्हणजे तिजोरीविरुद्ध बोलणं. डब्ल्यू. एस. केन या बाप्टिस्ट खासदाराने १८८८ मध्ये लंडनमध्ये हिंदुस्थानासाठी मद्यपाननिषेध संघ काढला आणि त्याचे धागे इथल्या काँग्रेसवाल्यांपर्यंत पोचले. पुढे हा झेंडा गांधींच्या हाती गेला. नागपूरपासून सत्तरेक किलोमीटरवरच्या वर्ध्यात, मगनवाडीत, गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा बसले, तेही ख्रिस्तीच. १९३४ मध्ये सुरू झालेल्या ग्रामोद्योग संघाचा गाडा ते हाकत होते. येशूची शिकवण आणि गावाचं अर्थशास्त्र एकाच धाग्यात ओवायचा त्यांचा ध्यास होता. त्यांनी यावर जबलपूरच्या तुरुंगात लिहिलं.

मराठी मातीतलाच माणूस म्हणून इथे कवी नारायण वामन टिळकांचं नाव घ्यायलाच हवं. ते नागपुरात आप्पासाहेब बुटी या धनिकांकडे संस्कृतच्या कामावर होते. नागपूर-राजनांदगाव गाडीच्या डब्यात एका मिशनऱ्याने त्यांच्या हाती बायबलचा नवा करार ठेवला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या प्रवचनातलं कुसळ-मुसळाचं वाक्य मराठीत इतकं मुरलं आहे की ते बायबलमधलं आहे हे सांगावं लागतं. टिळकांची भजनं आम्ही अजून गातो, तीही वारकरी चालीत. त्यांच्यामुळे मराठी ख्रिस्ती माणसाला नीतीचं बोलणं साहेबी सुरात करायची गरज उरली नाही.

१९५० नंतर हवा बदलली. त्या वेळी मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती. १९५४ मध्ये तिथल्या सरकारने मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली, आणि १९५६ मध्ये तिचा अहवाल आला. शाळा-दवाखाने हे धर्मांतराचं आमिष आहे, हा त्यातला मुख्य ठपका. बरोबर-चूक यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. नागपूरच्या मंडळींवर त्याचा परिणाम मला असा दिसतो की त्या बाहेरच्या समाजाबद्दल बोलायला कचरू लागल्या, आणि मग उरली ती आपल्याच पोरांना दटावणी. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात दारू न पिण्याचीही एक होती. विदर्भात गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज खेड्याखेड्यांत हेच सांगत आले होते. व्यसनाविरुद्धचं बोलणं ही ख्रिस्ती मक्तेदारी नव्हतीच, आणि १९५६ नंतर तसा आवही आणता येईना.

जगात याच काळात फ्रँक बुकमन या अमेरिकन पाळकाची ‘नैतिक शस्त्रसज्जता’ चळवळ गाजत होती. तिचं सूत्र होतं संपूर्ण प्रामाणिकपणा, शुद्धता, निःस्वार्थ आणि प्रेम. १९६८ मध्ये पाचगणीत तिचं केंद्र उभं राहिलं, राजमोहन गांधींच्या पुढाकाराने. दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपली चूक आपण कबूल करायची, हा तिचा कणा. आमच्या वडीलमंडळाच्या बैठकीत हे एकदा कोणी सुचवलं असतं तर बैठक फार लवकर आटोपली असती.

२९ नोव्हेंबर १९७० ला उत्तर भारताचं चर्च नागपुरातच स्थापन झालं. अँग्लिकन, प्रेसबिटेरियन-काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट, ब्रेद्रेन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन मेथडिस्ट अशी सहा पंथांची घराणी एकत्र आली. एका घरात वाइन पिणं पाप, दुसऱ्यात प्रभुभोजनाच्या प्याल्यात खरी वाइन हवीच. एकीच्या मसुद्यावर चाळीस वर्षं वाटाघाटी झाल्या होत्या. घरोघरच्या सवयी कागदाने मोडत नाहीत, म्हणून आजी मनुका भिजवत राहिली.

त्यानंतर नीतीच्या यादीत जे शिरलं ते बहुतेक बाहेरच्यांनी किंवा कडेला बसलेल्यांनी आणलं. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार पुरेसा होता, बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा टाकून देणंही सिद्ध करावं लागे. हा भेद २००१ मध्ये गेला, म्हणजे जोसेफिन बटलरच्या मुद्द्याला कायद्यात उतरायला इथे शतकाहून जास्त लागलं. जातीचं तसंच. नोव्हेंबरातला दुसरा रविवार आता दलित मुक्ती रविवार म्हणून पाळतात, आणि राष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेचं कार्यालय आमच्याच सिव्हिल लाइन्समध्ये असल्याने त्याचं पत्रक वेळेवर येतं. स्थळं बघताना पोटजात विचारण्याबद्दल मात्र चहाच्या कपावर मी अजून ‘काळ बिघडला’ ऐकलेलं नाही.

आजूबाजूला दारूबंदीचे प्रयोग चालूच आहेत. वर्धा जिल्हा १९७४ पासून कोरडा, गडचिरोली १९९३ पासून, चंद्रपूर २०१५ मध्ये झाला आणि २०२१ मध्ये पुन्हा उघडला. नागपूर ओलंच राहिलं, त्यामुळे चर्चला इथे कायद्याच्या आडोशाला बसायची सोय नाही. कोणी बुडत असेल तर त्याच्या घरी जायचं, एवढंच हातात.

आजी गेली, मनुकांचं काम आता महिला संघाच्या यादीवर चालतं. यादी दप्तरखान्याच्या दारावर चिकटवलेली असते. एका बाजूला मनुका कोण भिजवणार, दुसऱ्या बाजूला मेडिकल रुग्णालयाच्या वॉर्डात रुग्णांना भेटायला कोण जाणार. गेल्या महिन्यात वॉर्डाच्या रकान्यात दोन आठवडे रिकामे होते. रील पाहणाऱ्या पोरांपैकी एकाने पेन मागून त्यातल्या एकावर आपलं नाव टाकलं. दुसरा आठवडा अजून रिकामा आहे.