कॅन्टीनचा माल: माजी सैनिकांच्या सवलतीची पार्श्वभूमी

ठाण्यातल्या जुन्या सोसायट्यांमध्ये एखादे तरी निवृत्त सुभेदार किंवा नौदलातले पेटी ऑफिसर राहतात. सैन्याच्या कॅन्टीनमधून, म्हणजे सवलतीच्या दुकानातून, माल घ्यायचा त्यांना हक्क असतो. डिसेंबर लागला की त्यांना जिन्यात गाठणारे शेजारीही असतात. "काका, कॅन्टीनला कधी जाताय?" या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतो, तो कुणी मोठ्याने विचारत नाही. आमच्या इमारतीतले काका हसतात आणि पिशवी उघडून दाखवतात. चहापत्तीचे दोन पुडे, अंगाचे साबण, टूथपेस्ट, नातीसाठी बोर्नव्हिटा. दारूची बाटली असलीच तर तळाशी, पेपरात गुंडाळलेली, आणि तिच्या लेबलवर ती फक्त संरक्षण दलांसाठी असल्याचं छापलेलं.

हा माल स्वस्त का, असं विचारलं की "सरकार डिस्काउंट देतं" हे उत्तर ठरलेलं. ते अर्धंच खरं आहे. सरकार आपल्या कराचा काही भाग सोडतं, उरलेली किंमत घाऊक खरेदीच्या जोरावर उतरते. ही सोय उभी राहायला मात्र बराच काळ लागला, कारण फौजेला माल पुरवणं हा जुना आणि मोठा नफ्याचा धंदा.

'बाजारबुणगे' हा शब्द आपण आता शिवीसारखा वापरतो, पण मराठी फौजेबरोबर खरोखरच बाजार चालायचा. वाणी, भडभुंजे, बैलांवर धान्य आणणारे वंजारी. शिपायाने आपल्या पगारातून तिथेच घ्यायचं, भाव बाजाराचा. कंपनी सरकारनेही हाच प्रकार पुढे चालवला. छावणी तिथे सदर बाजार. साताऱ्यात ते नाव अजून टिकून आहे. गोऱ्या पलटणींची कॅन्टीनं ठेकेदारांकडे असायची. खुद्द इंग्लंडात ही ठेकेदारी इतकी नासली होती की १९१४ साली लिप्टन या चहाच्या कंपनीचे लोक आणि काही लष्करी अधिकारी कॅन्टीनच्या कंत्राटांतल्या लाचखोरीत दोषी ठरले. महायुद्ध संपल्यावर, १९२१ पासून तिथे सैन्याची स्वतःची कॅन्टीन संस्था सुरू झाली. हिंदुस्थानात १९२२ साली आर्मी कॅन्टीन बोर्ड आलं. ते पाच वर्षं टिकलं, आणि १९२७ मध्ये कारभार पुन्हा ठेकेदारांच्या सिंडिकेटकडे गेला. तो १९४२ पर्यंत तसाच राहिला.

मग दुसरं महायुद्ध दारात आलं आणि ठेकेदारांच्या भरवशावर राहणं परवडेनासं झालं. १९४२ मध्ये सरकारने कॅन्टीनचा कारभार स्वतःकडे घेतला. त्या काळाची खूण ठाणेकरांना लांब शोधायला नको. कल्याणच्या पुढे सैनिकांची मोठी ये-जा छावणी होती, रांगेने बराकी. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली तिचं उल्हासनगर झालं. तरी रिक्षावाल्याला आजही "कॅम्प तीन" सांगितलं की पुरतं.

आजचं खातं, कॅन्टीन स्टोअर्स डिपार्टमेंट म्हणजे सीएसडी, १ जानेवारी १९४८ ला सुरू झालं. मुख्यालय मुंबईतच, चर्चगेटजवळ महर्षी कर्वे रस्त्यावरच्या 'अडेल्फी'मध्ये.

नंतर लगेचच या सोयीवर कोर्टात गदा येता येता राहिली, आणि तीही आपल्याच राज्यात. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात सैन्याची मेस, कॅन्टीनं आणि युद्धनौका यांना सूट देता येत होती. एफ. एन. बलसारा नावाच्या नागरिकाने कायद्याला आव्हान दिलं. त्यातला एक मुद्दा असा होता की सामान्य माणसाला बंदी आणि फौजेला मोकळीक, ही कुठली समानता? मुंबई उच्च न्यायालयाला तो पटला होता. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र सैन्याची राहणी आणि परंपरा वेगळी, म्हणून वेगळा वर्ग मानणं वाजवी आहे, असं ठरवून ही सूट कायम केली. जिन्यातल्या त्या न विचारलेल्या प्रश्नामागे सर्वोच्च न्यायालयाचा निकाल उभा आहे, हे शेजाऱ्यांच्या गावीही नसतं.

आणखी एक गोष्ट बाहेर फारशी कुणाला ठाऊक नसते. खातं सरकारचं, पण दुकान पलटणीचं. कंपन्यांकडून माल घेऊन तो देशभरच्या ३४ डेपोंत ठेवायचा, हे सीएसडीचं काम. काउंटर चालवतं ते युनिट. विक्रीच्या प्रमाणात युनिटला परतावा मिळतो आणि तो जवानांच्या कल्याणावर खर्च होतो. म्हणूनच २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने युनिटच्या कॅन्टीनमधले कामगार सरकारी नोकर नव्हेत, असा निर्णय दिला. त्याच्या आठच वर्षं आधी त्याच न्यायालयाने नेमकं उलट म्हटलं होतं. काउंटरपलीकडच्या माणसाला ही सवलत महागच पडली म्हणायची.

आता कराकडे येऊ, कारण खरी गंमत तिथेच आहे. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला. त्याआधी राज्याराज्यांत सवलत निरनिराळी होती, नंतर एकच सूत्र ठरलं: खरेदीवर भरलेल्या जीएसटीपैकी निम्मा सीएसडीला परत. म्हणजे १८ टक्क्यांच्या वस्तूवर ९ टक्क्यांचा फायदा. सप्टेंबर २०२५ मध्ये मात्र साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ वरून ५ टक्क्यांवर उतरलं आणि कराचा हा फायदा अडीच टक्क्यांवर आला. एसी आणि मोठे टीव्ही २८ वरून १८ वर आले, म्हणजे तिथेही १४ चे ९ झाले. सगळ्यांना स्वस्ताई झाली, त्यात कॅन्टीनचं वेगळेपण झिजलं. काकांचा हिशोब साधा आहे. वागळे इस्टेटमध्ये कचेरी असलेल्या डीमार्टचं दुकान घराजवळ आहे; साबणासाठी रिक्षाने कॅन्टीन गाठायचं तर वाचलेले पैसे मीटरमध्येच जातात. मोठी वस्तू घ्यायची असेल तरच ते आता निघतात.

मोठ्या वस्तूंना मागणी नोंदवावी लागते. जानेवारी २०२१ पासून गाडी, फ्रिज, टीव्ही यांची मागणी घरबसल्या पोर्टलवरून करता येते, आणि माजी सैनिकांनाही ते खुलं आहे. गाड्यांवर मात्र जून २०१९ मध्ये लगाम लागला. तेव्हाचा नियम असा: अधिकाऱ्यांना आठ वर्षांतून एकदा, कराआधी १२ लाखांपर्यंतची, जवान आणि जेसीओंना (सुभेदारासारख्या कनिष्ठ अधिकाऱ्यांना) नोकरीत एक आणि निवृत्तीच्या वेळी एक, तीही ५ लाखांच्या आतली. एकाच पलटणीतून निवृत्त झालेल्या दोघांसाठी हा फरक जरा जास्तच उघडा होता.

घरपट्टीची माफी, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या योजना, विमानाच्या तिकिटातली सूट या सगळ्या सवलती वेगळ्या. त्यांत शिरलो तर लेख संपायचा नाही.

कॅन्टीनच्या हक्काची खरी कसोटी पुढे आहे. २०२२ च्या अग्निवीर भरतीच्या अटींत स्पष्ट लिहिलं आहे: चार वर्षांनंतर बाहेर पडणाऱ्याला पेन्शन नाही, ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि कॅन्टीनही नाही. नोकरीत असेपर्यंत मात्र ती सोय आहे. काकांचा साताऱ्याकडचा पुतण्या असाच भरती झालाय. मागच्या सुट्टीत तो ठाण्याला आला तेव्हा युनिटच्या कॅन्टीनमधून त्याने काकांसाठी ट्रॅकसूट आणला होता. काकांनी तो अजून घडी मोडून घातलेला नाही.