वाफेचे वारसा इंजिन : तपासणी व निगा

नियमित सेवेतून निवृत्त झालेले वाफेचे रेल्वे इंजिन पुन्हा चालवण्याजोगे आहे की नुसते मांडून ठेवावे, हे ठरवण्यासाठी केलेली पाहणी आणि त्यानंतरची कायमची देखभाल. रंगाने चकाकणाऱ्या इंजिनावर या कामात भरवसा ठेवत नाहीत. बरीच दुखणी रंगाखाली असतात.

तपासणीचा मोठा भाग बॉयलरचा, म्हणजे पाणी तापवून वाफ करणाऱ्या टाकीचा. प्रवासी गाड्या ओढणाऱ्या भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूपी वर्गाच्या इंजिनात दर चौरस इंचाला 210 पौंड दाब असे. एवढ्या दाबाखाली पाणी सुमारे 200 अंश सेल्सिअसला उकळते. पत्रा फाटून दाब अचानक उतरला, की त्यातल्या बऱ्याच पाण्याची क्षणात वाफ होते. बॉयलरचा स्फोट तो हाच. म्हणून बॉयलरवरचे उष्णता राखणारे आवरण काढून पत्र्याची जाडी अल्ट्रासोनिक यंत्राने मोजतात, आतले गंजाचे खड्डे पाहतात, ट्यूब, म्हणजे पाण्यातून गरम धूर नेणाऱ्या नळ्या, काढून तपासतात. फायरबॉक्स (आग जळते ती पेटी) आणि बाहेरचा पत्रा यांना जोडणारे शेकडो स्टे, म्हणजे आधाराचे दांडे, हातोडीने ठोकून पाहण्याची जुनी रीत आजही चालते. धड स्टे खणखणतो, तुटलेला बद्द वाजतो. काही स्टेंना बारीक छिद्र ठेवलेले असते; स्टे तुटला तर तिथून पाणी गळू लागते. शेवटी बॉयलर पाण्याने गच्च भरून कामकाजी दाबापेक्षा जास्त दाब देतात. ही चाचणी वाफेने न घेता पाण्याने घेतात, कारण पाणी दाबाखाली फारसे आकसत नाही आणि काही फुटलेच तर धोका कमी राहतो.

हलगर्जीपणा कुठे नेतो याचे उदाहरण अमेरिकेतले आहे. 16 जून 1995 रोजी पेनसिल्व्हेनियात गेटिसबर्गच्या पर्यटन रेल्वेवर 1278 क्रमांकाच्या इंजिनात पाणी कमी पडले, फायरबॉक्सचे छत तापून खचले आणि तिघे कर्मचारी भाजले. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेकडे जाणारी वाट क्षारांनी तुंबली होती. छत एकदम न फाटता टप्प्याटप्प्याने सुटले, म्हणून अनर्थ टळला. पुढे अमेरिकेचे नियम बदलले : 15 वर्षे किंवा इंजिन वाफेवर असल्याचे 1,472 दिवस, यांपैकी जे आधी भरेल तेव्हा बॉयलरची संपूर्ण तपासणी.

क्षार हाच रोजच्या निगेतला मुख्य शत्रू. त्याचा थर बसला, की पत्र्याची उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही आणि पत्रा तापून कमजोर होतो. त्यासाठी पाण्यात औषध घालणे आणि ठरावीक काळाने बॉयलर धुणे, म्हणजे वॉशआउट, चुकवून चालत नाही. थंड इंजिन लाइट अप करताना, म्हणजे आग पेटवून तापवताना, घाई केली, तर पत्रे असमान फुगून सांधे गळतात. मोठ्या इंजिनाला आदल्या रात्रीच आग द्यावी लागते.

पण चालवणे म्हणजे झिजवणे, आणि झिजलेला भाग बदलला की मूळ धातू गेला. 1855 साली लीड्समध्ये बनलेली ‘फेअरी क्वीन’ ईस्ट इंडियन रेल्वेवर टपालगाड्या ओढत असे. 1997 साली ती पुन्हा रुळांवर आली आणि नियमित धावणारे जगातील सर्वांत जुने वाफेचे इंजिन म्हणून गिनीज बुकात तिची नोंद झाली. 2011 मध्ये तिचे सुटे भाग चोरीला गेले. अनेक भाग चेन्नईतल्या पेरांबूर रेल्वे कारखान्यात नव्याने घडवावे लागले. तिचे 1855चे लोखंड नेमके किती उरले, हा प्रश्न म्हणून गैरलागू नाही. बदललेल्या प्रत्येक भागाची नोंद आणि काढलेला भाग जपून ठेवणे, हे दुरुस्तीइतकेच महत्त्वाचे काम आहे.

स्थानकाबाहेर चौथऱ्यावर उभ्या इंजिनांची निगा सोपी वाटते, पण त्यांचेच हाल जास्त. धुराड्यातून पावसाचे पाणी शिरते, राखेत मुरते आणि स्मोकबॉक्सचा, म्हणजे धुराड्याखालच्या पेटीचा, तळ कुजतो. नेरळसारख्या धो-धो पावसाच्या गावी तर धुराड्यावर झाकण आणि तळाला निचरा हवाच. दरवर्षी गंजावरच ऑइलपेंट फासणे ही निगा नव्हे. जुन्या आवरणात ॲस्बेस्टस असू शकते, म्हणून ते हौशी हातांनी उकरू नये.

भारतात ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची सेवा 1995 मध्ये संपली. त्या काळात इंजिनांच्या शेडमध्ये शिकलेले फिटर आता निवृत्त झाले आहेत किंवा होत आहेत. हरियाणातल्या रेवाडीच्या वारसा शेडला आणि दार्जिलिंग रेल्वेच्या तिंधारिया कारखान्याला भागांइतकीच गरज आहे ती या कामाचे नवे हात तयार करण्याची.