प्रीस्ट्रेस्ड गर्डरला साधं पोलाद का चालत नाही

उड्डाणपुलाचा नवा गर्डर, म्हणजे काँक्रीटची आडवी तुळई, कास्टिंग यार्डात बाजूने पाहिला, तर तो मधोमध किंचित वर उचललेला दिसतो. खालच्या अंगाला ओवलेल्या ताणलेल्या तारांनी त्याला तसं वाकवलेलं असतं. काँक्रीट दाब भरपूर सोसतं, ताण मात्र त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतका. म्हणून जिथे पुढे ताण येणार, तिथे आधीच दाब भरून ठेवायचा. हेच प्रीस्ट्रेसिंग.

ही कल्पना एकोणिसाव्या शतकातलीच, पण ती फसत होती. साधी सळई 140 मेगापास्कलपर्यंत (मेगापास्कल हे ताण मोजायचं एकक) ताणली, तर मीटरमागे 0.7 मिलिमीटर लांबते. इकडे काँक्रीट सुकताना आकसतं आणि सततच्या दाबाखाली वर्षानुवर्षं दबत राहतं. दोन्ही मिळून मीटरमागे पाऊण-एक मिलिमीटर सहज. सळईतला ताण सगळा संपला! या संथ दबण्याचा धडा फ्रेंच अभियंते युजेन फ्रेसिने यांना 1911 च्या सुमारास फ्रान्समधल्या ल व्हर्द्र इथे मिळाला. त्यांच्याच पुलाच्या कमानी खचू लागल्या आणि जॅक लावून उचलाव्या लागल्या. 1928 मध्ये त्यांनी पेटंट घेतलं, ते उच्च ताकदीच्या तारांवर भिस्त ठेवून.

आजची स्ट्रँड, म्हणजे सात तारा पिळून केलेला दोर, 1860 मेगापास्कल ताकदीची असते. 15.2 मिलिमीटर जाडीची एकच स्ट्रँड तोडायला सुमारे 26 टन लागतात. ताकदीच्या 75 टक्के ताणली की ती मीटरमागे 7 मिलिमीटर लांबते. त्यातला एखादा गेला तरी बहुतेक ताण शिल्लक राहतो.

गर्डरवर भार चढत गेला की तळाचा दाब आधी शून्यावर येतो, मग बारीक तडे जातात. इथे भार काढला, तर तारा गर्डरला मागे खेचतात आणि तडे मिटतात. मला या साऱ्यातलं सर्वांत सुंदर हेच वाटतं. भार वाढवतच नेला तर पोलाद लवतं, म्हणजे कायमचं लांबू लागतं, गर्डर डोळ्यांना दिसेल इतका झुकतो आणि शेवटी माथ्याचं काँक्रीट चिरडतं. तारा काँक्रीटला घट्ट धरून असतील, तर आधीचा ताण थोडा कमी-जास्त असल्याने ही अखेरची ताकद फारशी बदलत नाही. प्रीस्ट्रेसिंगचं खरं काम तडे जाणं पुढे ढकलणं.

दक्षिण कोरियात 2400 मेगापास्कलची स्ट्रँडही आली आहे. तितक्याच बलासाठी तारा कमी लागतात, तळाशी दाटी होत नाही. पण जुन्याच संख्येने भरल्या, तर पोलाद लवण्याआधी माथा फुटू शकतो, तोही इशारा न देता. म्हणून अशा गर्डरच्या चाचणीत त्याने किती टन पेलले यापेक्षा मोडण्याआधी तो किती झुकला, हा आकडा मी आधी बघेन.